दुसरा हात

आमचे शास्त्राचे मास्तर कोटाची बटणं नेहमी एक घर चुकवून लावत. त्यामुळे कोटाची एक बाजू वर चढलेली आणि दुसरी खाली उतरलेली असे. उतरलेल्या बाजूच्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक आरसा असायचा, त्याच्या वजनानं ती आणखीच लोंबायची. समोरून येताना बघितलं की वाटे, सपाट रस्त्यावरही हा माणूस कुठल्या तरी उतारावर उभा आहे. आणि हेच मास्तर, मी त्यांना ओळखत होते तोवर, एकच प्रश्न विचारत राहिले. जिवंत गोष्टींच्या दोन्ही बाजू सारख्या का असतात?

सुमन गेल्यापासून ते मला वरचेवर आठवतात. सुमन माझी जुळी बहीण. तिच्या आठवणीनं डोळे भरून यावेत अशा वेळी डोळ्यांपुढे मास्तरांचा तो तिरपा कोट येतो. असं का होतं, ते मला सांगता येत नाही. म्हणून सावकाश लिहून बघते आहे.

चिंचवड तेव्हा गावच होतं. गावातून स्टेशनाकडे जाताना दोन्ही अंगांना शेतं लागत. पलीकडे पिंपरीला सरकारी औषधाचा कारखाना उभा राहत होता. तिथे बुरशीपासून औषध करणार आहेत, असं वडिलांनी सांगितलं तेव्हा आत्या तोंडाला पदर लावून हसली होती. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होते. आत्या त्यांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घर तिच्या शब्दावर चालायचं. आई होती, पण आत्या बोलायला लागली की आई चुलीतलं लाकूड पुढे सरकवायची.

मास्तर कोकणातले. स्टेशनाजवळ एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत एकटेच राहत. दुकान एका मुसलमान गृहस्थांचं होतं, त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचांची मास्तरांबद्दल एकच तक्रार होती. मास्तर भाड्यानं सायकल नेत, वाटेत नदीकाठी एखादा बेडूक किंवा चतुर बघायला थांबत आणि चालत परत येत. सायकल काठावरच राही. चाचा म्हणत, मास्तर फार शिकलेला माणूस, पण त्याच्या मागनं एक न शिकलेला माणूस फिरायला पाहिजे.

वर्गात येताना ते कधी पुस्तक आणत नसत. आम्हालाच काहीतरी आणायला सांगत. पान, फूल, मेलेला नाकतोडा, काहीही. मग रुमाल सोडून आरसा बाहेर काढत. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत बाजार भरायचा, तिथून त्यांनी तो घेतला होता. पिंपळाच्या पानाच्या मधल्या शिरेवर ते आरसा उभा धरत आणि म्हणत, बघा, अर्धं पान लपवलं तरी पान पुरं दिसतं. मग एखाद्या मुलाला पुढे बोलावून त्याच्या नाकावर आरसा उभा करत. पोरं हसून बेजार होत. मास्तर हसत नसत. ते त्या अर्ध्या-अर्ध्या तोंडाकडे असे बघत बसत, जणू कोणीतरी त्यांना फसवलंय आणि कसं फसवलंय ते कळत नाहीये.

भेंडी उभी चिरणाऱ्या बायकांचा त्यांना राग होता. आडवी कापली की आत चांदणी दिसते, ती या बायका रोज वाया घालवतात, असं ते म्हणत. गोगलगायीचाही राग होता, कारण तिचा शंख एकाच बाजूला वळतो. पण खरा राग कोकणातल्या लेपा नावाच्या माशावर. लेपा लहान असतो तेव्हा त्याचे डोळे दोन बाजूंना दोन असतात. मोठा होता होता एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याच्या शेजारी येतो आणि मासा रिकाम्या झालेल्या कुशीवर जन्मभर पडून राहतो. हे सांगताना मास्तरांचा आवाज खाली यायचा. “चांगला होता हो लहानपणी,” ते म्हणत, वाया गेलेल्या भाच्याबद्दल बोलावं तसे.

प्रश्न एकच असला तरी उत्तर दरवर्षी बदलत असे. आठवीत त्यांनी सांगितलं, निसर्ग आळशी आहे. तो अर्धंच चित्र काढतो आणि कागद दुमडतो. आम्ही ते पाठ केलं. नववीत त्यांनी सांगितलं, तसं नाही. ज्याला चालायचं आहे त्याला तोल लागतो. एक चाक लहान आणि एक मोठं असलेली बैलगाडी देहूला निघाली, तर देहूला पोचेल का? निगडीच्या माळावर गोल गोल फिरत बसेल. मला हे ठाऊक असूनही नववीच्या परीक्षेत मी कागद दुमडण्याचं उत्तर लिहिलं, कारण मला ते जास्त आवडायचं. मास्तरांनी त्यावर लाल शाईनं शेरा मारला, ‘गेल्या वर्षी बरोबर होतं’, आणि शून्य दिलं. वर्गातली हुशार मुलं त्यांच्यावर चिडून असत. बाकीची पोरं म्हणत, थांबा राव, पुढच्या वर्षी आपलं चुकलेलं उत्तर बरोबर येईल.

सुमन आणि मी नववीत त्यांच्या तावडीत सापडलो. त्याआधी आम्ही एकसारख्या दिसणाऱ्या दोन मुली एवढंच त्यांना ठाऊक होतं. एक दिवस त्यांनी आम्हाला समोरासमोर उभं केलं. माझ्या डाव्या गालावर तीळ आहे. तिच्या उजव्या गालावर होता. माझ्या डोक्यावरचा भोवरा एकीकडे वळतो, तिचा दुसरीकडे. मी उजवी, ती डावखुरी. मास्तरांनी खिशातला आरसा काढला, आमच्याकडे बघितलं आणि तो परत खिशात ठेवला. आता त्याची गरज नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. आत्या हेच आमच्या जन्मापासून सांगत होती, की देवानं एक सुलट घातली आणि एक उलट.

त्या उलट मुलीला सुलट करायचं काम आत्यानं मनावर घेतलं होतं. सुमन लहान असताना जेवायला बसली की आत्या तिचा डावा हात चिंधीनं पाटाला बांधायची. शाळेत जाऊ लागल्यावर चिंधी सुटली, पण आत्यानं तिला देवीची शपथ घातली की डाव्या हातानं जेवणार नाही, वाढणार नाही, लिहिणार नाही. सुमन शपथ पाळायची. कोणी बघत नसलं तरी पाळायची. तिला सगळं येत असे, मला अडलेलं गणित ती भाकरी खाता खाता सांगायची. पण उजव्या हातात टाक धरला की तिची अक्षरं खेकड्यासारखी तिरपी चालत, आणि पेपर अर्धा व्हायच्या आत घंटा होई. नववीतून ती काठावर वर ढकलली गेली. दहावीत नापास झाली तर शाळा बंद, हे घरात ठरलेलं होतं. चाकणकडचं एक स्थळ आत्याच्या मनात होतं. मुलगा चांगला होता, शेती चांगली होती. सुमनला शिकायचं होतं, एवढीच अडचण होती.

मास्तरांना हे वडिलांनीच सांगितलं. वडील मवाळ माणूस, आत्यापुढे त्यांचं काही चालत नसे. मास्तर समजावतील या आशेनं त्यांनी त्यांना दसऱ्याला पुरणपोळीचं आमंत्रण दिलं.

मास्तर आले ते खिसा भरून आपट्याची पानं घेऊन. पाटावर बसल्याबरोबर त्यांनी एक पान जमिनीवर ठेवलं आणि मधोमध आरसा धरून वडिलांना दाखवायला लागले. निम्मं सोनं द्यायचं आणि पुरं दिसायचं, अशी काहीतरी गंमत ते सांगत होते. ताटं वाढून झाली, चित्राहुती घालून झाल्या, तरी उजव्या हातातला आरसा सुटला नाही. आत्या तूप वाढायला वाकली आणि मास्तरांनी डाव्या हातानं पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला.

मी दाराआड उभी होते. तूप वाढणारा आत्याचा हात तसाच थांबला.

“मास्तर, हात चुकला,” वडील हळूच म्हणाले.

मास्तरांनी आधी डाव्या हाताकडे बघितलं, मग उजव्याकडे. खरोखर विचार करून बघितलं.

“चुकला नाही,” ते म्हणाले. “दुसरा आहे.”

आणि जेवत राहिले. त्याच हातानं. पोळी उत्तम झाली आहे, असंही म्हणाले. आत्या तुपाचं भांडं खाली ठेवून आत गेली ती परत बाहेर आली नाही.

त्या दिवशी मास्तरांनी ते मुद्दाम केलं की भान नव्हतं म्हणून झालं, हे मला आजही कळलेलं नाही. सुमन म्हणायची, मुद्दाम केलं, तिच्यासाठी केलं. मी म्हणायची, अगं, जो माणूस सायकल नदीवर विसरतो तो हात विसरणार नाही का? यावर आम्ही म्हाताऱ्या होईपर्यंत भांडलो. मुद्दाम केलं असेल तर चुकीचंच केलं, कारण आत्यानं ते ताट राखेनं घासून अंगणात पालथं घातलं आणि वडिलांना सांगून टाकलं, “असल्या खुळ्याच्या शाळंत आपली पोर जायची न्हाई.” पोर म्हणजे सुमन. माझा हात सरळ होता, मला जायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सुमन घरी राहिली. मी वर्गात एकटी बसले. मास्तर आले, हजेरी घ्यायला लागले आणि सुमनच्या नावाशी थांबले. मी उभी राहून सांगितलं, की आता ती येणार नाही. मास्तर माझ्या बाकाशी आले. रिकाम्या जागेच्या कडेला त्यांनी माझ्याकडे तोंड करून आरसा उभा धरला आणि त्यात वाकून बघितलं.

“आहे की,” ते म्हणाले, आणि तिला हजर मांडलं.

पोरं हसली. मला हसावं की रडावं ते कळेना. पुढेही रोज तेच. मला मनातून राग येई. हा माणूस आरशातल्या मुलीला हजेरी देतो आणि घरातली मुलगी शेण काढते आहे, याचं याला काही आहे की नाही?

मग एका सकाळी ते आमच्या गोठ्यापाशी येऊन उभे राहिले. आत्या म्हशीची धार काढत होती. तिनं पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. मास्तर बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले. एक हात खाली येई तेव्हा दुसरा वर जाई, आणि चरवीत दोन्ही धारांचा सारखाच आवाज होई. मी चुलीसाठी गोवऱ्या आणायला गेले होते ती तिथेच थबकले. सुमन गोठ्याच्या दाराआड होती.

“बाई,” मास्तर म्हणाले, “यातल्या कुठल्या हाताचं दूध देवाला चालत नाही?”

“दोनी हात धुतल्यात,” आत्या वर न बघता म्हणाली.

“सुमनपण धुतेच की.”

“मास्तर, धार काढणं येगळं आन् ताट वाढणं येगळं. जेवायचं, वाढायचं, देवाला वाहायचं ते उजव्या हातानं. बाकीच्या कामाला दोनी हात हायतीच. येवढं बी कळंना, तर मास्तर कशाला झाला?”

मास्तरांना राग आला नाही. त्यांनी मान हलवली, वर्गात एखाद्यानं चांगला मुद्दा काढला की हलवत तशी. मग खरीच शंका आल्यासारखं विचारलं, “आणि लिहिणं कशात धरायचं? ताटात की धारेत?”

आत्याचे हात थांबले. मी आत्याला विचार करताना फार क्वचित पाहिलं आहे. तिनं स्वतः कधी अक्षर गिरवलं नव्हतं. लिहिणं हे काम तिच्या सोवळ्या-ओवळ्याच्या कुठल्या कप्प्यात बसतं, हे तिला आजवर कोणी विचारलंच नसावं. म्हशीनं शेपटी हलवली. आत्यानं तिला कोपरानं ढोसलं आणि पुन्हा धार काढायला लागली.

“लिवणं काय निवद हाय व्हय?” ती म्हणाली. मग जरा वेळानं, “लिवू द्या तिला कुठल्या बी हातानं. जेवंल मात्र उजव्याच. त्यात बदल न्हाई.” आणि दाराकडे न वळताच, दाराआडच्या सुमनला ऐकू जाईल अशा आवाजात, “शपत मी घातली, मीच सोडती. सुटली.”

सुमन तिथेच खाली बसली. मला वाटलं, आता मास्तर काहीतरी बोलतील, निदान हसतील. पण त्यांचं लक्ष म्हशीकडे गेलं होतं. तिचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा जास्त वळलेलं होतं. “हे मात्र सारखं नाही,” ते खिन्नपणे म्हणाले आणि निघून गेले. आपण काय मिळवलं ते त्यांना कळलं होतं का? मला नाही वाटत. सुमनला वाटायचं.

ती शाळेत परत आली. डाव्या हातानं लिहायला लागल्यावर तिचं अक्षर पहिल्या दिवसापासून सुरेख होतं, जणू ते इतकी वर्षं आत तयार होऊन थांबलं होतं. दहावीत ती वर्गात वर आली. चाकणचं स्थळ दुसरीकडे गेलं. आत्या तिच्या वहीजवळून जाताना थांबायची, बघायची आणि पुढे जायची.

अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक. त्या वर्षी मास्तरांनी शेवटचं उत्तर दिलं. ते म्हणाले, वर काय आणि खाली काय, हे अंगाला जमीन सांगते. पुढे काय आणि मागे काय, हे चालणं सांगतं. तोंड पुढे लागतं, पाय खाली लागतात. पण उजवं काय आणि डावं काय, हे अंगाला सांगणारं जगात कोणीच नाही. सांगितलंच नाही तर ते फरक कसा करणार? म्हणून दोन्ही बाजू सारख्या करतं. उजवं-डावं आपण माणसं सांगतो, नंतर.

मला वाटलं, हे खरं उत्तर. अजूनही कधी कधी वाटतं. पण सुमननं बोट वर केलं.

“मग काळीज एकीकडे का, सर?”

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. आम्ही दोघी जर आरशातल्यासारख्या असू, तर दोघींपैकी एकीचं काळीज उजवीकडे असायला हवं. त्यांनी मला सांगितलं, घरी जाऊन हिच्या छातीला कान लाव आणि उद्या मला सांग.

आम्ही माजघरात गोधडीवर पडून एकमेकींच्या छातीला कान लावले. सुमनला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती, त्यामुळे मला आधी हसण्याचाच आवाज ऐकू आला. मग ठोके आले. डावीकडे. माझेही डावीकडेच. सकाळी शाळेत हे सांगितलं तेव्हा मास्तर पडले. म्हणजे त्यांचा चेहरा पडला, पण तो इतका पडला की माणूसच पडल्यासारखा वाटला.

“म्हणजे बाहेरून आरशातल्या,” ते म्हणाले, “आणि आतून सारख्याच.” मग त्यांनी कोटाची सगळी बटणं काढली आणि पुन्हा लावली. पुन्हा एक घर चुकवून.

उन्हाळ्याच्या सुटीत ते कोकणात गेले आणि परत आले नाहीत. शाळेत कोणी म्हणालं राजीनामा दिला, कोणी म्हणालं आजारी पडले. मी आणि सुमन चाचांकडे चौकशीला गेलो, तर दुकानाच्या भिंतीवर तो आरसा टांगलेला. चाचा त्यात बघून दाढी करत होते. मास्तरनं जाताना दिला, ते म्हणाले. बोलले, आता लागत नाही.

आता लागत नाही, म्हणजे उत्तर सापडलं, की शोधणं सोडलं? चाचांना माहीत नव्हतं. परत येताना सुमन म्हणाली, सापडलं असणार. मी म्हणाले, सोडलं असणार. आम्ही दोघी एकसारख्याच दिसत होतो आणि एकमेकींच्या उलट बोलत होतो. बघणाऱ्याला हसू आलं असेल.

पुढे सुमन त्या औषधाच्या कारखान्यात लागली. डाव्या हातानं लिहायची, उजव्या हातानं जेवायची. आत्या गेल्यावरसुद्धा.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. कपाळापासून पायापर्यंत इतकी नेमकी गेली, की मधोमध कोणी कागद दुमडला असावा. अर्धं तोंड माझ्या ओळखीचं होतं आणि अर्धं कोणाचं तरी. मी तिला भरवत असे. एके दिवशी तिनं माझा हात बाजूला केला, स्वतःचा डावा हात ताटात घातला आणि वरणभाताचा घास उचलला. तो तोंडापाशी नेऊन ती थांबली. चिंधी सुटून किती काळ लोटला होता. तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे शब्द तेव्हा नीट फुटत नसत, मला जुळवून घ्यावे लागत.

“चुकला नाही,” ती म्हणाली.

“दुसरा आहे,” मी म्हणाले.

तिनं घास खाल्ला. अर्धं तोंड हसलं. मास्तरांनी ते मुद्दाम केलं होतं की नाही, या भांडणात तिचा तो शेवटचा शब्द.

ती गेली ती दुपारी. डॉक्टरांना बोलवायला मंडळी गेली होती, खोलीत मी एकटीच होते. ती हलत नव्हती. मी वाकून तिच्या छातीला कान लावला, डावीकडे, त्या गोधडीवर लावला होता तिथेच. काही ऐकू आलं नाही. बराच वेळ तशीच राहिले, तरी आलं नाही.

मग मी उठले, खाटेला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, आणि उजवीकडे कान लावला.